एका टॉवेलला चार-पाच ॲडजेक्टिव्ह लावायचे तर आधी कुठलं, नंतर कुठलं?

बॉबिनवाली
सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे, आधी नुसतं बिलिंग बघायचे, आता बाहेरच्या पार्ट्यांना पाठवायच्या कॅटलॉगचं इंग्लिश पण माझ्याकडंच आलंय. माझं सगळं शिक्षण मराठी मिडीयम, नंतर बीकॉम. शेठचा मुलगा बाहेर शिकून आलाय, तो माझं लिहिलेलं वाचतो, शब्द मागंपुढं करतो आणि का असं विचारलं की म्हणतो "असंच असतं, कानाला बरं वाटतं". अहो पण माझ्या कानाला दोन्ही सारखंच लागतंय त्याला मी काय करू!

उदा. मी लिहिलं "कॉटन ब्लू लार्ज ब्युटिफुल बाथ टॉवेल", त्यानं केलं "ब्युटिफुल लार्ज ब्लू कॉटन बाथ टॉवेल". मी लिहिलं "सिक्स पीसेस टॉवेल सेट", त्यानं पीसेसचं पीस केलं, आता सहा नग आहेत तर पीस कसं काय? आणि "धिस अवर टॉवेल इज मोअर सॉफ्ट" ह्यातलं तर निम्मं वाक्यच खोडलं.

मग भावाचं शाळेचं जुनं ग्रामरचं पुस्तक काढून बसले. त्यात प्रकार दिलेत, गुण दाखवणारे, संख्या दाखवणारे, किती ते सांगणारे, हा-तो दाखवणारे वगैरे, आणि माय, धिस, एव्हरी, सम हे सगळे ॲडजेक्टिव्हमध्येच. मोबाईलवरच्या ॲपमध्ये मात्र त्यांनाच डिटर्मिनर म्हणतंय. नक्की काय धरायचं? प्रकार पाठ केल्यानं कॅटलॉग सुधारणार असेल तर करते पाठ, पण कुणीतरी नीट सांगा की ओ.

कडक_भाकरी
सोमवार, रात्री १०.४१

ताई प्रकारबिकार सोडून द्या, ते परीक्षेपुरतं असतंय. ही रांग भिंतीवर चिकटवा: मत, साइज, वय, शेप, रंग, कुठलं, कशाचं, कशासाठी. म्हणजे आधी ब्युटिफुल, मग लार्ज, मग न्यू, मग राउंड, मग ब्लू, मग इंडियन, मग कॉटन, मग बाथ, शेवटी टॉवेल. संपला विषय. समोरच्या पार्टीला माल पसंत पडला तर ग्रामर कोण बघतंय, आपल्या चादरी काय इंग्लिश बोलून खपल्या का.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ६.५५

वरच्या भाऊंनी दिलेली रांग बरोबर आहे, पण आठ खण पाठ करून लिहायला बसलं की माणूस प्रत्येक शब्दाला अडतो. मी हायस्कूलवर इंग्रजी शिकवलं, मुलांना रांग पाठ व्हायची आणि निबंधात परत "वुडन ओल्ड बिग टेबल" यायचंच. त्यामुळे आधी कारण समजून घ्या.

वस्तूला जे कायमचं चिकटलेलं आहे ते नामाच्या जवळ बसतं, आणि जे बोलणाऱ्याच्या मनातलं आहे ते लांब. टॉवेल अंग पुसायचा आहे हे त्याचं कामच आहे, म्हणून "बाथ" अगदी खेटून. तो सुताचा आहे, हे काही केल्या बदलत नाही, म्हणून "कॉटन" त्याच्या अलीकडे. रंग दुसरा देता आला असता, साइज तर बघणाऱ्यावर असते, लहान मुलाला जो मोठा तो पैलवानाला अपुरा. आणि "ब्युटिफुल" हे तर निव्वळ तुमचं म्हणणं, म्हणून ते सगळ्यात बाहेर, दारात उभं.

आणि तुम्ही म्हणता कानाला सारखं लागतं, ते मला पटत नाही. मराठीत म्हणून बघा: "सुती निळा मोठा सुंदर टॉवेल". खटकलं की नाही? आता म्हणा "सुंदर मोठा निळा सुती टॉवेल". म्हणजे ही रांग तुमच्या कानात आहेच, फक्त इंग्रजी लिहिताना आपण मराठी कान बंद करून शब्दकोश उघडतो. दोन्ही भाषा प्रत्येक ठिकाणी एकसारख्या चालतात असं नाही, मराठीत आपण जोर द्यायला शब्द पुढेमागे सहज करतो, पण अडलात तर मराठीत मोठ्याने म्हणून बघणं हा निम्म्याहून जास्त वेळा चालणारा उपाय आहे.

स्वल्पविरामाचं पण सांगून ठेवतो कारण पुढचा घोळ तिथेच होतो. दोन विशेषणांच्या मध्ये "अँड" घालून बघा. "सॉफ्ट अँड ॲब्झॉर्बंट टॉवेल" चालतं, उलटं केलं तरी चालतं, म्हणजे दोघं एकाच जातीचे, तिथे "अँड" काढलं तर स्वल्पविराम द्यायचा. "ब्लू अँड कॉटन टॉवेल" म्हटलं तर हसू येतं, म्हणजे ते वेगवेगळ्या खणातले, तिथे स्वल्पविराम नको. तुमच्या "ब्युटिफुल लार्ज ब्लू कॉटन बाथ टॉवेल" मध्ये एकही लागत नाही. फक्त पाच-पाच विशेषणं एका नामावर लादू नका हो, वाचणाऱ्याचा श्वास जातो. तीन ठेवा, बाकीचं दुसऱ्या वाक्यात.

बॉबिनवाली
मंगळवार, दुपारी १.३५

सर खूप खूप धन्यवाद, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि लगेच आठ-दहा ओळी तपासल्या, बहुतेक ठिकाणी मराठीत म्हणून बघितलं की कळतंय. पण सोलापुरी हा शब्द कुठं बसवायचा? आणि माझं सहा पीसचं राहिलंच की. शिवाय ४५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते), ७५ बाय १५० सेंटीमीटर हे सगळं वर्णनात घालायचं असतंय, ते रांगेत कुठं जातं?

पुण्यात_सोलापूरकर
मंगळवार, रात्री ९.१०

मी होम टेक्स्टाइलच्याच लाईनीत आहे, मर्चंडायझिंग करतो पुण्यात, मूळचा साखर पेठेतला, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

जीएसएम, सेंटीमीटर, वजन, हे ॲडजेक्टिव्हच्या रांगेत कोंबूच नका. बायर ते वाक्यात वाचत नाही, तो खाली तक्ता शोधतो. वाक्यात वर्णन, तक्त्यात माप. "सोलापुरी" रंगाच्या नंतर आणि कॉटनच्या आधी: "ब्लू सोलापुरी कॉटन टॉवेल". एस कॅपिटलच पाहिजे, गावाच्या नावावरून आलेला शब्द आहे. आणि तो शब्द नुसता शोभेला लावू नका, सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल ह्या दोन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, बाहेरून आणलेल्या मालाला सोलापुरी म्हणून विकायला गेलात तर तो ग्रामरचा प्रश्न राहत नाही.

आता सहा पीस. आकडा आणि नाम मिळून जेव्हा दुसऱ्या नामाचं विशेषण बनतात तेव्हा ते नाम एकवचनी होतं आणि मध्ये हायफन येतो. "सिक्स-पीस टॉवेल सेट", "टू-मीटर चादर", "फाइव्ह-रुपी कॉइन", "टेन-इयर-ओल्ड बॉय". तेच नामाच्या पुढं न लावता वेगळं वाक्य केलं की अनेकवचन परत येतं आणि हायफन जातो: "द सेट हॅज सिक्स पीसेस", "द बॉय इज टेन इयर्स ओल्ड". तसंच "टॉवेल सेट", "टॉवेल्स सेट" नाही. पण हायफन दिसला म्हणून सगळीकडं मारत सुटू नका, "हायली ॲब्झॉर्बंट" मध्ये हायफन नाही, असे एलवायवर संपणारे क्रियाविशेषण असले की नको.

आता तुम्ही विचारलं नाही पण आपल्याकडच्या मेलमध्ये रोज दिसतं ते सांगतो, कारण पैसे इथं जातात.

"अवर प्राइस इज चीप" लिहू नका. वस्तू चीप असते, प्राइस लो असते. आणि वस्तूला पण स्वतःहून चीप म्हणू नका, त्यातून हलका माल असा वास येतो, "अफोर्डेबल" म्हणा.

"धिस इज अवर लास्ट डिझाइन" म्हटलं तर समोरच्याला वाटेल की आता ह्यानंतर डिझाइन काढणं बंद. नवीनात नवीन म्हणायचंय तर "लेटेस्ट".

"वुई हॅव फ्यू डिझाइन्स इन स्टॉक" आणि "वुई हॅव अ फ्यू डिझाइन्स इन स्टॉक" ह्यात दिसायला एक अक्षर पण अर्थ उलटा. पहिल्याचा अर्थ फारशी नाहीतच, दुसऱ्याचा थोडीफार आहेत. तक्रारींच्या बाबतीत मात्र पहिलंच लिहा, "वुई गेट फ्यू कम्प्लेंट्स" म्हणजे तक्रारी जवळजवळ येत नाहीत, तिथं "अ फ्यू" घातलं तर तुम्हीच कबूल केलं की येतात. लिटल आणि अ लिटलचं पण हेच, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींना, सूत, वेळ, पाणी.

आणि "वुई आर व्हेरी इंटरेस्टिंग इन युअर ऑफर". हे मी इतक्या वेळा वाचलंय की आता हसू पण येत नाही. ज्याच्यामुळं वाटतं तो आयएनजी, ज्याला वाटतं तो ईडी. ऑफर इंटरेस्टिंग, आपण इंटरेस्टेड. सिनेमा बोअरिंग, प्रेक्षक बोअर्ड.

कडक_भाकरी
मंगळवार, रात्री ९.२६

ए "आय ॲम बोअरिंग" तर आमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात आणि एका अर्थानं खरं पण हाय

बँक_परीक्षा_२
मंगळवार, रात्री ११.०२

प्रकार सोडून द्या म्हणणं सोपं आहे ओ, आम्हाला परीक्षेत त्याच्यावरच मार्क आहेत. बॉबिनवाली ताईंचा डिटर्मिनरचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. आमच्या क्लासमध्ये माय, धिस, ईच सगळे ॲडजेक्टिव्ह म्हणूनच शिकवतात, मग ॲप चुकीचं का क्लास चुकीचा?

निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी ७.१०

दोन्ही बरोबर. जुनी शालेय व्याकरणं नामाबद्दल काहीही सांगणारा शब्द विशेषणात टाकायची, आता बहुतेक पुस्तकं ॲडजेक्टिव्ह आणि डिटर्मिनर वेगळे करतात. परीक्षेत जे विचारतात ते लिहा. पण ही वाटणी उगीच केलेली नाही, आणि ताईंचं "धिस अवर टॉवेल" नेमकं ह्याच्यामुळेच खोडलं गेलं.

मराठीत आपण "हा आमचा टॉवेल" बिनदिक्कत म्हणतो, "माझा तो मित्र" म्हणतो. इंग्रजीत ए, द, धिस, दॅट, माय, अवर, ईच, एव्हरी, सम हे सगळे एकाच खुर्चीचे उमेदवार. एक बसला की दुसऱ्याला जागा नाही. म्हणून "धिस टॉवेल" म्हणा नाहीतर "अवर टॉवेल" म्हणा. दोन्ही हवंच असेल तर "धिस टॉवेल ऑफ अवर्स", "दॅट फ्रेंड ऑफ माइन". "लार्ज", "ब्लू" ह्यांना हा नियम नाही, ते कितीही एकामागे एक उभे राहतात. आता कळलं ना दोन गट का केले?

त्या खुर्चीच्याही पुढे बसणारे थोडे आहेत, ऑल, बोथ, हाफ. "ऑल अवर टॉवेल्स", "बोथ दीज सॅम्पल्स". आणि खुर्चीनंतर आकडे, त्यातही फर्स्ट-सेकंड आधी आणि वन-टू नंतर: "द फर्स्ट टू सॅम्पल्स". त्यानंतर तुमची ती मत-साइज-रंगाची रांग सुरू होते. "अवर थ्री न्यू ब्लू डिझाइन्स" ह्यात बघा सगळे आपापल्या जागी आहेत.

ईच आणि एव्हरीचं परीक्षेला येतंच म्हणून सांगतो, दोन्हीनंतर नाम एकवचनी आणि क्रियापदही. "एव्हरी पीस इज चेक्ड". मराठीत "प्रत्येक नग" आपण एकवचनीच म्हणतो तरी इंग्रजीत मुलं "एव्हरी पीसेस आर" का लिहितात हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

राहिलं "मोअर सॉफ्ट". मराठीत विशेषणाचं रूप तुलनेत बदलत नाही, "जास्त मऊ" किंवा "त्याच्यापेक्षा मऊ". म्हणून आपण सरळ मोअर लावून मोकळे होतो. इंग्रजीत छोटा शब्द स्वतःच बदलतो: सॉफ्टर, थिकर, चीपर. वाय ने संपणारे दोन ठेक्यांचे शब्द पण, हेवीचं हेव्हियर. लांब शब्दाला मोअर: मोअर ॲब्झॉर्बंट, मोअर कम्फर्टेबल. दोन्ही एकदम नाही, "मोअर सॉफ्टर" म्हणजे लग्नात दोनदा अक्षता. आणि कशापेक्षा ते सांगा, नुसतं "इज सॉफ्टर" म्हटलं तर गिऱ्हाईक विचारणार कशापेक्षा.

अशोक_चौक_पद्मशाली
बुधवार, दुपारी ४.१८

मजा येतेय वाचायला. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळं एक वेगळंच दिसतं मला. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं, दर वेळी शेपूट बदलायचं. तेलुगूत मंची अब्बायी, मंची अम्मायी, मंची तसंच राहतं. इंग्लिश ह्या बाबतीत आमच्यासारखी, गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज. पण शाळेत मराठी घरातली मित्रमंडळी "डिफरंट्स कलर्स", "अदर्स डिझाइन्स" लिहायची, नाम अनेकवचनी आहे म्हणून ॲडजेक्टिव्हला पण एस. घरची सवय. बदलतात ते फक्त धिस-दीज आणि दॅट-दोज, ते मास्तरांच्या त्या खुर्चीवाल्यांतले. आणि आमची मंडळी मग द, ए कुठं घालायचं तिथं मार खायची, तेलुगूत ते नाहीच. म्हणजे फिट्टंफाट.

बॉबिनवाली
बुधवार, रात्री ८.४७

अगं बाई केवढं काय काय. मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. हे बघा आता बरोबर आहे का: "अवर लार्ज ब्लू कॉटन बाथ टॉवेल इज सॉफ्टर अँड मोअर ॲब्झॉर्बंट दॅन ॲन ऑर्डिनरी टॉवेल. एव्हरी पीस इज चेक्ड बाय हँड. ऑल्सो अव्हेलेबल ॲज अ सिक्स-पीस सेट."

अजून एक, शेठ रोज मेलमध्ये "प्लीज फॉरवर्ड टू द कन्सर्न्ड पर्सन" लिहायला सांगतात, ते ठीक का?

पुण्यात_सोलापूरकर
बुधवार, रात्री १०.०५

वर्णन एकदम बरोबर, तसंच पाठवा. ब्युटिफुल काढलंत ते पण बरं केलं, फोटो आहे की शेजारी.

"कन्सर्न्ड पर्सन" आपल्याकडं सरकारी पत्रापासून सगळीकडं चालतं आणि भारतातला माणूस बरोबर समजतो. पण परदेशातला वाचेल तेव्हा नामाच्या आधी आलेल्या कन्सर्न्डचा अर्थ त्याला काळजीत पडलेला असा लागू शकतो. संबंधित म्हणायचं तर शब्द नामाच्या मागं: "द पर्सन कन्सर्न्ड". असे थोडेच शब्द आहेत ज्यांची जागा बदलली की अर्थ बदलतो. "द प्रेझेंट डायरेक्टर्स" म्हणजे सध्याचे, "द डायरेक्टर्स प्रेझेंट" म्हणजे मीटिंगला हजर असलेले. "रिस्पॉन्सिबल पर्सन" भरवशाचा माणूस, "द पर्सन रिस्पॉन्सिबल" ज्याच्यावर ते काम आहे किंवा ज्याच्यामुळं घोटाळा झाला तो. मेल लिहिताना ह्यात गल्लत झाली तर भांडणं होतील.

निवृत्त_मास्तर
गुरुवार, सकाळी ६.४८

ह्यालाच जोडून, काही विशेषणं नामाच्या आधी बसतच नाहीत. अस्लीप, अफ्रेड, अलाइव्ह, अलोन. "द चाइल्ड इज अस्लीप" ठीक, "ॲन अस्लीप चाइल्ड" नाही, तिथे "अ स्लीपिंग चाइल्ड". उलट मेन, मिअर, फॉर्मर हे नामाच्या आधीच, "धिस रीझन इज मेन" चालत नाही. प्रकारांची नावं विसरलात तरी चालेल, पण नवीन विशेषण शिकाल तेव्हा एकटं शिकू नका, शेजारच्या नामासकट वहीत लिहा.

बँक_परीक्षा_२
गुरुवार, सकाळी ९.३०

सर शेवटचं. सीनियर दॅन मी का सीनियर टू मी? आणि एल्डर दॅन?

निवृत्त_मास्तर
गुरुवार, दुपारी १२.१५

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ह्या सगळ्यांना टू. एल्डरला दॅन लावायचं नाही, "माय एल्डर ब्रदर" म्हणा, तुलना करायची तर "ही इज ओल्डर दॅन मी".

कडक_भाकरी
गुरुवार, दुपारी १२.४०

मास्तर मग "व्हेरी युनिक" चालतंय का, आमच्या दुकानाच्या बोर्डावर तेच हाय

पुण्यात_सोलापूरकर
गुरुवार, दुपारी १.०२

युनिक म्हणजे एकमेव. एकमेवच्या आधी फार कशाला? बोलताना इंग्रज पण म्हणतात ते सोडा, लिहिताना नको. पण बोर्ड रंगवून झाला असेल तर राहू द्या, पुढच्या वेळी पेंटरला पैसे द्याल तेव्हा व्हेरी काढा, तेवढाच एक शब्द कमी.